आधी पिस्तूल की आधी हात?

नवी पिस्तूल घरी आली की तिला आधी हळदीकुंकू लागतं, आणि मग लवकरच तिच्यावर संशय घेतला जातो. कोल्हापुरातल्या रेंजवर काय किंवा पुण्यात बालेवाडीला काय, गोष्ट तीच. मूल क्लबच्या जुन्या एअर पिस्तुलावर शिकतं, ६०० पैकी साडेपाचशेच्या पुढे सरकतं. मग आईवडील दीड-दोन लाख उभे करून परदेशी बनावटीची पिस्तूल घेतात, आणि गुण वाढायचे सोडून घसरायला लागतात. बापाला वाटतं आपल्याला गंडवलं. मुलीला वाटतं आपल्यातच खोट आहे. दोघंही एकमेकांना हे सांगत नाहीत, आणि गाडीवरून घरी जाताना कुणी बोलत नाही.

अशा वेळी रेंजवर दोन मतं हमखास समोरासमोर येतात. एक प्रशिक्षकाचं आणि एक हत्यारं दुरुस्त करणाऱ्याचं. पुढचा संवाद कुणा दोन माणसांचा नाही. अनेकांचं बोलणं मी दोन तोंडांत घातलं आहे. 'मॅडम' स्वतः राष्ट्रीय स्पर्धा खेळून आता मुलांना शिकवतात. 'काकां'चा जन्म शिवाजी उद्यमनगरात लेथवर गेला. रेंजवरच्या एअर पिस्तुलांचे वॉशर आणि ट्रिगर आता तेच बघतात. मी तटस्थ नाही, माझा कल काकांकडे आहे. वाचताना तो कळेलच.

मुलगी नववीतली. जुन्या पिस्तुलावर ५५८ च्या आसपास मारायची, नव्यावर ५४० ला अडकलीय. शॉट्स बहुतेक डावीकडे खाली, रेंजच्या भाषेत 'सात वाजता'.

काका : पिस्तूल इथं ठेवून जा म्हणावं तिला. व्हाइसमध्ये धरून बघतो.

मॅडम : काका, पिस्तुलाला काही झालेलं नाही. पोरगी झटका देतेय. उजव्या हाताची शूटर, शॉट सात वाजता. आणखी काय पुरावा पाहिजे?

काका : तुमचा तो गोल तक्ता? एका बाजूला गेला तर बोट, दुसऱ्या बाजूला गेला तर मनगट, वर गेला तर टाच?

मॅडम : तोच. पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे.

काका : तक्ता एक गोष्ट गृहीत धरतो बघा. पिस्तुलाचा झिरो बरोबर आहे, म्हणजे साइट जिथं दाखवते तिथंच पॅलेट जातं. नव्या पिस्तुलाचं तेच तर ठरलेलं नसतं. मागची साइट फॅक्टरीतल्या माणसानं लावलीय, त्याच्या डोळ्यानं. तिच्यातच शॉट डावीकडे जात असला तर तुमचा तक्ता काय म्हणणार? बोट. पोरगी महिनाभर बोट सुधारत बसणार, जे आधीच बरोबर होतं.

मॅडम : झिरो चुकला असता तर सगळे शॉट एका ठिकाणी घट्ट जमले असते, फक्त मध्यापासून बाजूला. तिचे तसे नाहीत. हा बघा कागद. एक आठ, एक दहा, दोन नऊ, परत आठ. मध्य सरकलाय हे खरं, पण गट पसरलाय पण. सरकलेला गट साइटचा, पसरलेला गट माणसाचा. हे तर तुम्हीच मला शिकवलंय.

काका : अर्धंच शिकवलं मग. पसरलेला गट माणसाचा, नाहीतर पॅलेटचा, नाहीतर ढिल्या स्क्रूचा, नाहीतर हवेच्या दाबाचा. आणि हा कागद किती शॉटचा? पाचाचा. पाच शॉटवर गट कसा म्हणता? तीच पिस्तूल, तोच हात, दहा मारले तर गट सरासरी सव्वापट दिसतो. काल पाच मारले, आज दहा मारले, आणि म्हणायचं आज बिघडलं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण सगळीकडे हाच घोटाळा होतो. सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजून लोक गटाचा आकार सांगतात. जितके शॉट जास्त, तितकी एखादा लांब जाण्याची संधी जास्त. तीन शॉटचा सुंदर गट कुणीही खिशात घालून फिरू शकतं. पिस्तुलाबरोबर डब्यात येणारं फॅक्टरीचं टेस्ट कार्डही थोडक्याच शॉटचं असतं. ते खोटं नसतं. पण त्यांची पॅलेट, त्यांचा दाब, त्यांचा स्टँड, आणि मधे सातासमुद्रापलीकडून आलेला डबा. त्या कार्डावरून आजची पिस्तूल कशी कळणार?

मॅडम : ठीक, दहाचा गट घेऊ. पण तुमच्या व्हाइसला ट्रिगर ओढताना भीती वाटत नाही. त्याला उद्याची जिल्हा स्पर्धा नाही, बाप मागे खुर्चीत बसलेला नाही. व्हाइस सांगणार पिस्तूल चांगली आहे, ते मी आत्ताच सांगते. दहा मीटरची चांगली मॅच पिस्तूल वाईट निघाली असं मी फार कमी वेळा पाहिलंय. आणि एकदा का तुम्ही पिस्तूल उघडून बसलात की पोरीला निमित्त मिळालं. पुढे प्रत्येक आठाला ती पिस्तुलाकडे बघणार. टोकियोनंतर तर पालकांना हेच एक उत्तर ठाऊक झालंय.

काका : टोकियोला काय, पोरीचं निमित्त होतं का? मनू भाकरची पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बंद पडली, दुरुस्तीत वेळ गेला, दोन गुणांनी फायनल हुकली. २५ जुलै २०२१. हात तोच होता ना? त्याच हातानं २०२४ ला पॅरिसमध्ये दोन ब्राँझ आणली.

मॅडम : ती मोडतोड होती काका. कॉकिंग लिव्हर तुटली, सगळ्यांना दिसली. इथं काय तुटलंय? आणि हाताचं म्हणाल तर हंगेरीचा कारोली ताकाच. ग्रेनेड फुटून उजवा हात निकामी झाला १९३८ मध्ये. डाव्या हातानं शिकला आणि १९४८ आणि १९५२ ला रॅपिड फायरची दोन ऑलिंपिक सुवर्णं घेतली. माणूस अख्खा हात बदलू शकतो, आणि आपण पिस्तूल बदलली म्हणून रडायचं?

काका : मूठ मात्र डाव्या हाताची लागली असणार त्याला. उजव्या हाताची मूठ डाव्यात बसत नाही.

मॅडम हसल्या, पण मुद्दा सोडला नाही. त्यांचं गणित पक्कं होतं. एअर पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण ३३ सेंटिमीटर अंतर असतं आणि निशाण १० मीटरवर. सगळा हात तसाच समांतर ३ मिलिमीटर हलला, तर पॅलेटही ३ मिलिमीटरच हलणार. पण मनगट किंचित मोडून पुढची साइट मागच्या खाचेत एक-तृतीयांश मिलिमीटर सरकली, की तेच पॅलेट कागदावर १० मिलिमीटर लांब जातं. दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटर व्यासाचं. पॅलेट नुसतं रेघेला चाटलं तरी गुण मिळतो, हे धरूनही मध्यापासून ८ मिलिमीटरच्या पुढे दहा नाही. म्हणजे नवख्याला ज्याची भीती वाटते ती हाताची थरथर परवडते. मनगटातला केसभर मोड परवडत नाही. आणि ट्रिगरला कमीत कमी ५०० ग्रॅम भार असावा असा नियम आहे. एवढा भार बोटानं ओढताना बाकीची चार बोटंही आवळली गेली की तो मोड आलाच.

मॅडम : म्हणून मी म्हणते, आधी बोट. ड्राय फायरवर ठेवते तिला, म्हणजे पॅलेट न घालता नुसता ट्रिगर. आणि पांढऱ्या कागदावर मारायला लावते, काळा गोलच नाही. गोल नसला की तो पकडायची घाई नाही. तेवढ्यानं गट अर्धा झाला, तर दोष कुठं होता ते कळलं. त्यापुढे जाऊन मी स्वतः पिस्तूल भरून देते, कधी पॅलेट घालून, कधी ड्रायवर ठेवून, तिला न सांगता. नुसता 'टिक' झाला आणि साइट खाली गेली की तिला स्वतःच्याच डोळ्यानं दिसतं. मला एक शब्द बोलावा लागत नाही.

काका : हे मला मान्य. भारी टेस्ट आहे. पण याला किती दिवस?

मॅडम : दिवस कसले? सवय बदलायला महिने लागतात.

काका : आणि माझ्या व्हाइसला एक तास. मग आधी कुठलं करायचं?

मॅडम : ज्याची शक्यता जास्त ते.

काका : न्हाई मॅडम. ज्याला वेळ कमी लागतो आणि ज्यानं काही बिघडत नाही, ते आधी. शक्यता तुमचीच जास्त, मी कुठं नाही म्हणतोय? शंभरात नव्वद वेळा हातच असेल. पण त्या दहात ही पोरगी असली तर? चांगलं बोट तुम्ही मोडून ठेवणार. पिस्तूल चुकीची ठरवली तर एक तास गेला. हात चुकीचा ठरवला तर सीझन गेला.

इथं माझा कल सांगूनच टाकतो. काय घडण्याची शक्यता जास्त आणि आधी काय तपासावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि चांगली चांगली माणसं त्यांची गल्लत करतात. आधी तेच तपासावं ज्याला तास लागतो आणि ज्यातून परत येता येतं. मॅडमचा अनुभव मोठा आहे, पण नव्वद टक्के वेळा त्या बरोबर असतात म्हणूनच उरलेल्या दहात कुणी त्यांना विचारत नाही.

काकांचा तास मी जवळून पाहिला आहे. आधी बॅरलमधून नारिंगी सेफ्टी फ्लॅग आरपार घातलेला आहे ना, ते बघायचं. मग अॅलन कीनं मुठीचा बोल्ट सोडवून मूठ बाजूला काढायची. व्हाइसच्या जबड्यांना चामड्याचे तुकडे लावायचे आणि पिस्तुलाची फ्रेम पकडायची, बॅरल किंवा सिलिंडर नाही. तिथं आवळलं की माप पिस्तुलाचं न राहता व्हाइसचं येतं. साइटचे, बॅरलच्या बैठकीचे स्क्रू एकेक करून बघायचे, आवळायचे नाहीत, नुसते बघायचे, कारण ढिला सापडला तर तो किती ढिला होता हेही कळायला हवं. बॅटरीच्या उजेडात बॅरलचं तोंड बघायचं, कडेला टवका उडालाय का. मग सिलिंडरचा काटा. २०० बारपर्यंत भरलेला असला तर ठीक. काटा तळाला टेकत आला की आतला रेग्युलेटर एकसारखी हवा देऊ शकत नाही. वेग सेकंदाला १५० मीटरवरून १४० वर आला, तर १० मीटरवर पॅलेट सुमारे ३ मिलिमीटर खाली पडतं. मुलं याला हाताचा दोष समजतात.

आणि पॅलेट. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ असे आकडे असतात. तो पॅलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमध्ये. शंभरावा हिस्सा इकडेतिकडे, पण एखाद्या बॅरलला एकच डबा आवडतो आणि का आवडतो ते कुणी आधी सांगू शकत नाही. मारून बघावं लागतं. काकांनी तिन्ही डब्यांतून दहा-दहा मारले. क्लबच्या जुन्या डब्यातून एकच भोक, कडेपासून कडेपर्यंत वर्नियरनं ७ मिलिमीटर. पिस्तुलाबरोबर मिळालेल्या डब्यातून वेडंवाकडं, जवळजवळ ११. तिसरा डबा मधला.

मॅडम : बघितलंत? पिस्तूल एका भोकात मारतेय.

काका : एका डब्यानं मारतेय. दुसऱ्यानं नाही. आणि पोरगी कुठला वापरत होती?

मॅडम : ११ वाला. बरं, चार मिलिमीटर तुमचे. पण आठ म्हणजे मध्यापासून १६ ते २४ मिलिमीटर लांब. तुमचा डबा तिला दहावरून नवावर आणेल कधीतरी, आठावर नाही आणणार. बाकीचे दहा-पंधरा मिलिमीटर कुणाचे?

काका : तुमचे.

मॅडम : मग एवढा तास घालवून मिळालं काय?

काका : तुमच्या पोरीला आता मी सांगू शकतो की पिस्तूल चांगली आहे. तुम्ही सांगत होता ते मत होतं. हा कागद आहे. तिनं तो बापाला दाखवावा.

यावर मॅडम बोलल्या नाहीत. हा कागद पोरीला निमित्त देत नाही, उलट तिचं निमित्त काढून घेतो, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. पण त्यांनी ते कबूल केलं नाही, आणि मला त्यांचं तेही आवडलं.

हीच पिस्तूल २५ मीटरची, पॉइंट टू-टूची असती तर तास पुरला नसता. तिथं शिशाची गोळी, वरची ग्रीस, बॅरलच्या घशात साचणारं शिसं, आणि काडतुसांचे लॉट. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये एकच बॅरल दोन तऱ्हेनं वागतं. शिवाय ती परवान्यावर चढलेली, कुणाच्याही बाकावर उघडून ठेवायची वस्तू नव्हे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण घेणारी राही सरनोबत कोल्हापूरचीच. त्या प्रकारात उतरायचं स्वप्न इथल्या कितीतरी मुली बघतात; पण त्या हत्याराचं दुखणं शोधणं हा वेगळाच पसारा आहे.

मॅडम : तुम्ही एवढं म्हणता तर माझी पण एक टेस्ट. सीनियर मुलीला ही पिस्तूल देते, आणि हिला क्लबची जुनी. चार गट होतील. सीनियरला पण नव्यावर आठ पडले तर तुम्ही जिंकलात.

काका : सीनियरचा हात केवढा, हिचा केवढा? ही मूठ मीडियम साइझची आहे. सीनियरला बरोबर बसेल. ती दहा मारेल आणि तुम्ही म्हणाल बघा, पोरीचाच दोष.

मॅडम : मग मीडियम का घेतली?

काका : 'पोरगी वाढेल' म्हणून. शाळेचे बूट घेतल्यागत.

मुलीला बोलावलं. तिनं पिस्तूल उचलली, डोळे मिटून हात निशाणाकडे नेला, डोळे उघडले. पुढची साइट खाचेच्या डाव्या भिंतीला टेकलेली, आणि खाली. तिनं मनगट फिरवून ती मध्ये आणली. मॅडमनी तिला पुन्हा करायला सांगितलं. पुन्हा तेच. मग त्यांनी तिचा तळवा उलटा करून बघितला. अंगठा आणि तर्जनीमधली खाच कोरडी, तिथं मूठ टेकतच नव्हती. तळहाताच्या कडेला मात्र मुठीच्या खालच्या फळीचा लाल वळ. मूठ मोठी, म्हणून बोट ट्रिगरपर्यंत पोचवायला तिनं हात उजवीकडे फिरवून धरलेला, आणि साइट मध्ये आणायला मनगट पिळलेलं. ट्रिगर सुटताना पिळलेलं मनगट परत आपल्या जागी जायचं. त्याची जागा सात वाजता.

मॅडम : म्हणजे झटका नव्हताच.

काका : होता की. पण मुठीनं शिकवलेला.

मॅडम : मग हा हाताचा दोष की पिस्तुलाचा? मूठ काढून तुम्ही व्हाइसमध्ये धरलीत. तुमच्या टेस्टमध्ये मूठ नव्हतीच! तासभर पिस्तूल तपासलीत आणि नेमका बिघडलेला भाग बाकावर बाजूला ठेवून.

काका : आणि तुमच्या तक्त्यात मूठ आहे का?

दोघंही बरोबर होते आणि दोघांनाही ते खटकलं. नव्या पिस्तुलाचा बिघाड बहुतेकदा इथंच असतो, पोलाद आणि कातडी जिथं भेटतात तिथं. ही जागा हत्यारवाला आपली समजत नाही आणि प्रशिक्षकही समजत नाही. अक्रोडाच्या लाकडाची मूठ ही ढोबळ साइझमध्ये येते. ती कानशीनं घासायची आणि लाकडाच्या लांबीनं भरायची असते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. दीड-दोन लाखांच्या वस्तूला कानस लावायला कुणाचा हात धजेल? पण जागतिक पातळीवरच्या शूटरांच्या मुठी जवळून बघा. घासलेल्या, भरलेल्या, एखादीला टेपसुद्धा.

काका : खाचेच्या मागून दोन मिलिमीटर लाकूड काढतो. फळी थोडी खाली घेतो. जास्त काढलं तर लांबी आहे. थोडं थोडं करू, दर वेळी ती धरून बघेल.

मॅडम : डोळे मिटून धरून बघेल. डोळे उघडे असले की ती परत मनगट पिळणार. आणि घासताना मी इथं उभी राहणार.

काका : राहा की. ट्रिगरला हात लावत नाही.

मॅडम : साइटला पण नाही. आज क्लिक फिरवलेत तर पिळलेल्या मनगटाचा झिरो होईल, आणि मूठ बरोबर झाल्यावर शॉट दुसरीकडे जातील.

काका : ते मीच सांगणार होतो. एका वेळी एकच. आधी डबा बदलायचा, तो आज बदलला. मग मूठ. मूठ बसली की दहा-दहाचे गट, आणि गट घट्ट झाला की मग क्लिक.

मॅडम : रविवारी मुरगूडची स्पर्धा आहे तिची.

काका : जुनी पिस्तूल घेऊन जाऊ दे.

मॅडम : बाप काय म्हणेल? दोन लाखांची घरी आणि क्लबची घेऊन स्पर्धेला?

काका : त्याला माझ्याकडे पाठवा. कागद दाखवतो.

मॅडम : तुम्ही कागद दाखवा, तळवा मी दाखवते. आणि डायरीत तोवर गुण लिहायचे नाहीत तिनं. नुसता गट चिकटवायचा, दहाचा, तारीख घालून, आणि डबा कुठला ते.

काका : हवेचा काटा पण लिहायला सांगा.